मंत्रचळ, गॅसचे चौदाशे फोटो आणि ओसीडीवरची थेरपी

कडीकोयंडा | रविवार, रात्री १०:४२

बरीच वर्षं इथे रोमात (म्हणजे नुसता वाचत) आहे. पहिलाच धागा काढतोय आणि तोही असल्या विषयावर, तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्या फोनमध्ये परवापर्यंत गॅसच्या रेग्युलेटरचे चौदाशेच्या आसपास फोटो होते. काही बायकोने काढलेले, बाकीचे मी. रोज सकाळी डोंबिवलीहून ऑफिसला निघताना तीन फोटो: रेग्युलेटर, शेगडीची बटणं आणि दाराचं कुलूप. मग लोकलमध्ये लटकत ते झूम करून बघायचे. बघितले की वाटायचं, हा आजचाच ना? की कालचा? म्हणून फोटोत घड्याळ यायला हवं. घड्याळ आलं, तर ते बंद तर पडलं नसेल? दोनदा मुंब्र्याला उतरून उलट्या गाडीने घरी आलोय. दुसऱ्या वेळी साहेबांना सांगितलं की सासऱ्यांना ॲडमिट केलंय. सासरे ठणठणीत आहेत आणि आजही साहेब मला त्यांची तब्येत विचारतात.

हाच ओसीडी, ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर: नकोसे विचार, आणि ते शमवायला परत परत केलेले विधी. लोकांना ओसीडी म्हणजे टापटीप वाटते. माझं कपाट येऊन बघा एकदा.

उपचारांच्या वाटेवर तीन मुक्काम झाले. पहिला एका समुपदेशकांकडे. माणूस अत्यंत सज्जन. सात महिने दर शनिवारी बालपणावर बोललो, वडिलांच्या तापटपणावर बोललो, एकदा रडलोही. त्यांनी मनगटात रबरबँड घालायला दिलं. विचार आला की ताणून सोडायचं आणि मनात 'थांब' म्हणायचं. झालं काय, तर ते रबरबँड तीनदा ओढल्याशिवाय उंबरठ्याबाहेर पाऊल पडेना. आधीच्या विधींत एकाची भर!

दुसरा मुक्काम मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी पहिल्याच भेटीत आजाराचं नाव सांगितलं आणि येल-ब्राऊन नावाची प्रश्नावली भरून घेतली. ४० पैकी २७. गणितात कधी एवढ्या सहज मिळाले नव्हते. गोळी सुरू झाली, सर्ट्रालिन. पहिले दोन आठवडे मळमळ, झोपेचं खोबरं आणि फरक शून्य. मी सोडणारच होतो. डॉक्टर म्हणाले, नैराश्यात चार-सहा आठवड्यांत कळतं, ओसीडीत दहा-बारा आठवडे धरून चाला, आणि डोसही बहुधा जास्तच लागतो. अकराव्या आठवड्याच्या सुमारास जाणवलं. विचार थांबले नव्हते, पण उशाशी बोंबलणारा टीव्ही भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या घरात गेल्यासारखा झाला.

तिसरा मुक्काम ईआरपी. एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. मी त्याला घरी 'भिडा आणि गप्प बसा' म्हणतो. ज्याची धास्ती आहे त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि मग धास्ती कमी करण्यासाठी जे काही करतो ते करायचं नाही. तपासायचं नाही, फोटो नाही, कोणाला विचारायचं नाही, मनातल्या मनात उजळणीसुद्धा नाही.

थेरपिस्टबाईंनी आधी शिडी करून घेतली. कशाची किती भीती, शून्य ते शंभर. एकदाच तपासून फोटो न काढता निघणं: ४५. बायको आधी गेलेली असताना मी शेवटी कुलूप लावणं: ६०. चहा करून, न तपासता थेट निघणं: ८०. आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे 'आज माझ्या हलगर्जीपणामुळे घराला आग लागेल' असं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून ती खिशात घेऊन दिवसभर काम करायचं. ही पायरी ऐकल्यावर मी त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?

पहिल्यांदा फोटोशिवाय निघालो ती सकाळ. स्लो लोकल. दिव्यापर्यंत घाम फुटला होता. मुंब्र्याला पाय आपोआप दाराकडे वळले. कळव्याला ठरवलं की ठाण्याला उतरू. ठाण्याला गर्दीच इतकी आत घुसली की उतरता आलं नाही (मध्य रेल्वेचे उपकार मानायची ही माझी आयुष्यातली एकमेव वेळ). घाटकोपर आलं तेव्हा लक्षात आलं, मी शेजारच्याच्या मोबाइलवर मॅच बघतोय.

बाईंचं एक वाक्य मला सगळ्यात जड गेलं. "गॅस बंद आहे हे तुम्हाला पटवून देणं हे माझं काम नाही. गॅस कदाचित चालू असेल, हे सोबत घेऊन तुम्हाला ऑफिस गाठता आलं पाहिजे." मी खात्री विकत घ्यायला गेलो होतो, दर सेशनला दीड हजार देऊन, आणि त्या दुकानात तो मालच नव्हता.

बायकोलाही एका सेशनला बोलावलं. ती दिवसातून पंचवीस वेळा "बंद आहे रे बाबा" म्हणायची, फोनवर, मेसेजवर, झोपेतसुद्धा. आता तिचं ठरलेलं उत्तर आहे: "असेल किंवा नसेल. डबा घेतलास का?" सुरुवातीचे पंधरा दिवस आमची यावरून भांडणं झाली. मला वाटायचं हिला माझी दया नाही.

सतरा सेशन झाली. परवा मोजले तेव्हा ४० पैकी ११. बरा झालो असं म्हणत नाही. तुमचे अनुभव लिहा. कोणी दुसरं काही करून बघितलंय का?

कुंभारमाशी | रविवार, रात्री ११:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). उद्या सावकाश वाचते. 'डबा घेतलास का' साठी वहिनींना दंडवत.

पाटपाणी | सोमवार, सकाळी ६:२०

आमच्या लहानपणी याला सरळ मंत्रचळ म्हणत. वाड्यात एक काकू होत्या. त्यांच्या सोवळ्याची सगळ्यांना धास्ती. पण नुसत्या सोवळ्याच्या बायका वाड्यात आणखी चार होत्या, त्या विहिरीवर पाणी घेत, स्वयंपाक करत, बारा वाजता पानं वाढत. या काकूंचं पान दुपारी तीनला. कळशी घासायची, कोणाची सावली पडली असं वाटलं की परत घासायची. कोणी विचारलं की रडकुंडीला येत आणि म्हणत, "मला कळतं गं सगळं, पण हात थांबत नाहीत." आम्ही पोरं मुद्दाम कळशीला हात लावून पळायचो. आता आठवलं की लाज वाटते.

रीत पाळणारीला पाळून समाधान मिळतं. या बाईला कधी मिळालंच नाही. हात शेवटी सोलून निघाले होते. देवाधर्माच्या नावाखाली झाकलं गेलं, म्हणून कोणी डॉक्टरकडे नेलं नाही.

शेवंती | सोमवार, दुपारी १:१५

कडीकोयंडा, उत्तम लिहिलंय. मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पण इथे आयडीमागेच राहू दे. पाटपाणी, तुमच्या काकूंचं ते एक वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

नकोसे विचार सगळ्यांनाच येतात. रॅकमन आणि डिसिल्वा यांनी १९७८ मध्ये ओसीडी नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा बहुसंख्य लोकांनी असे विचार येतात असं सांगितलं. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की उडी मारली तर? बाळ हातातून टाकलं तर? मजकूर तोच. बाकीच्यांचा विचार येतो आणि जातो. ओसीडीवाल्याला तो विचार म्हणजे इशारा वाटतो, आणि आपण काही केलं नाही तर जबाबदार आपणच, असं वाटतं. मग तो विधी करतो. विधीने दोन मिनिटं बरं वाटतं. मेंदू शिकतो की आपण वाचलो ते विधीमुळे. पुढच्या वेळी भूक दुप्पट. खाज सुटल्यावर खाजवण्यासारखं आहे हे.

त्यामुळे साधं बोलणं, बालपणाची उकल, श्वास मोजणं, 'पॉझिटिव्ह विचार करा' हे सगळं इतर ठिकाणी उपयोगी असेल, पण या चक्राला हात लावत नाही. रबरबँडचं तर लिहूच नका. मी शिकत होते तेव्हा आम्हालाही तो प्रकार शिकवला होता.

ईआरपीची सुरुवात १९६६ ची. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांच्याकडे दोन रुग्ण होते ज्यांच्यावर तोवर काही चालत नव्हतं. वॉर्डात परिचारिकांच्या मदतीने त्यांना विधी करण्यापासून अडवलं गेलं, आणि ती बरीच सुधारली. तोवर समजूत अशी होती की विधी अडवला तर माणूस कोसळेल. पुढे एडना फोआ यांच्या गटाचा २००५ चा अभ्यास प्रसिद्ध आहे, १२२ जणांवर केलेला. उपचार पूर्ण करणाऱ्यांत ईआरपीने ८६ टक्के सुधारले, क्लोमिप्रामिन या औषधाने ४८, दोन्ही मिळून ७९, नुसत्या प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या गोळीने, १०. मात्र हे *पूर्ण करणाऱ्यांचे* आकडे आहेत. ईआरपी मध्येच सोडणारेही असतात, कारण ती कडू आहे. आणि सुधारणं म्हणजे आजार नाहीसा होणं नव्हे.

बोरूबहाद्दर | सोमवार, दुपारी २:३०

हल्ली प्रत्येकाला काहीतरी असतं बुवा. माझीही पेनं टेबलावर सरळ रेषेत लागतात, मलाही ओसीडी! आमच्या आजोबांनी तीनदा कडी तपासली आणि नव्वद वर्षं जगले. थेरपी-बिरपी काही नाही.

कडीकोयंडा | सोमवार, दुपारी २:४१

पेनं वाकडी झाली तर तुम्ही मुंब्र्याला उतरता का?

शेवंती | सोमवार, दुपारी २:५०

बोरूबहाद्दर, ढोबळ मोजमाप सांगते: दिवसाचा तासाहून जास्त वेळ जातो का, किंवा काम-संसार अडतो का? तीनदा कडी तपासून आजोबा झोपत असतील तर ती सवय. रात्री दोनला पुन्हा उठत असतील आणि आजी जागी असेल, तर आजीला विचारायला हवं होतं.

रानवाटा | सोमवार, सायंकाळी ७:०२

मला दहा दिवसांच्या विपश्यनेचा खूप फायदा झाला (ओसीडी नाही, ताण होता). इगतपुरीला जाऊन या. विचारांकडे साक्षीभावाने बघायला शिकवतात, मूळ तेच नाही का?

शेवंती | सोमवार, रात्री ९:१८

मूळ कल्पना जवळची आहे, म्हणूनच घोटाळा होतो. विचार येऊ देणं, त्याच्याशी न भांडणं, हे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपीतही आहे आणि ओसीडीत ती वापरतात. पण माझ्याकडे येणारे बरेच जण श्वासाकडे लक्ष देतात ते विचार *घालवण्यासाठी*. मग श्वास हाच नवा साबण होतो. आजार जोरात असताना दहा दिवस मौन, फोन नाही, आपला डॉक्टर जवळ नाही, हे मी सुचवणार नाही. सावरल्यावर जरूर जा, आणि फॉर्ममध्ये आजार व औषधं लपवू नका.

सांजवेळ | मंगळवार, रात्री १२:३५

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. ती सहा आठवड्यांची असताना एकदा कांदा चिरत होते, ती शेजारी पाळण्यात होती, आणि डोक्यात चित्र आलं. सुरीचं. पुढचं लिहीत नाही. मी सुरी सिंकमध्ये टाकली आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या सुऱ्या, कात्री, विळी आईकडून माळ्यावर ठेवून घेतल्या. कारण सांगितलं, बाळ आता हात लावेल. सहा आठवड्यांचं बाळ! नंतर मी तिला एकटी घेणंच बंद केलं. सगळे म्हणायचे, हिला बाळाचं प्रेम नाही. मी मात्र रात्रभर तिच्यापासून लांब बसून ती श्वास घेतेय का बघत असायची.

नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. वाटायचं, सांगितलं तर बाळ काढून घेतील. शेवटी लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञ बाईंनीच विचारलं, "बाळाबद्दल भयंकर विचार येतात का? बऱ्याच आयांना येतात." त्या 'बऱ्याच'वर मी ढसाढसा रडले.

माझी ईआरपी स्वयंपाकघरात झाली. आधी सुरी ओट्यावर नुसती ठेवायची. मग बाळ खोलीत असताना काकडी चिरायची, आई घरात. मग आई बाहेर. एके दिवशी कोशिंबीर करून झाली आणि मला आठवलंच नाही की हा अभ्यास होता. दूध पाजत असल्यामुळे औषधाचा निर्णय डॉक्टरांनी बघून घेतला, मला चाललं ते औषध. विळी अजून माळ्यावरच आहे, पण ते आता मला खाली बसवत नाही म्हणून.

शेवंती | मंगळवार, सकाळी ८:०५

सांजवेळ, तुम्ही लिहिलंत याचा कोणाला तरी फार उपयोग होईल. एक फरक सगळ्यांनी लक्षात ठेवा. ओसीडीतल्या आईला त्या विचाराची किळस येते, ती बाळाला जपण्यासाठी लांब पळते. याउलट बाळंतपणानंतर बाईला आवाज ऐकू येणं, बाळात काहीतरी दैवी किंवा अमंगळ आहे असं ठाम वाटणं, झोपेची गरजच न उरणं, वागणं एकदम बदलणं, ही तातडीची बाब आहे. तिथे थेरपिस्ट शोधत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

काठावरचा | मंगळवार, रात्री १०:५०

नवीन आयडी काढून लिहितोय. मी देवघरात बसलो की देवांबद्दल घाणेरडे शब्द डोक्यात येतात. शिव्या. मी घरात कधी आवाज चढवून बोललेला माणूस नाही. मग क्षमा म्हणून अथर्वशीर्ष पहिल्यापासून म्हणतो, मध्ये शब्द आला की परत पहिल्यापासून. सकाळचे दोन तास जातात. हा ओसीडीच ना? की मी खरंच पापी आहे?

शेवंती | मंगळवार, रात्री ११:२०

काठावरचा, तुम्ही जे वर्णन केलंत ते ओसीडीत नेहमी दिसणाऱ्या प्रकाराशी जुळतं. निदान समोर बसून होतं, इथे नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. धार्मिक विषयावर काम करताना चांगला थेरपिस्ट तुमच्या श्रद्धेची टिंगल करायला लावत नाही. सामान्य भाविक जसं वागतो तिथवर यायचं असतं: एकदा म्हणायचं, चुकलं तरी पुढे जायचं.

काठावरचा | मंगळवार, रात्री ११:३१

धन्यवाद. पण मला कधीकधी त्या शब्दांचं विशेष वाईट *वाटत नाही*. मग तो ओसीडी कसा? नक्की ओसीडीच ना?

कुंभारमाशी | मंगळवार, रात्री ११:४०

अहो नक्की ओसीडीच आहे, अजिबात काळजी करू नका!

रानवाटा | मंगळवार, रात्री ११:४४

शंभर टक्के. देव एवढा कोत्या मनाचा नसतो.

काठावरचा | मंगळवार, रात्री ११:५२

तुम्ही डॉक्टर आहात का? शेवंती ताईंनी 'जुळतं' म्हटलं, 'आहे' म्हटलं नाही.

कडीकोयंडा | बुधवार, सकाळी ७:१०

कुंभारमाशी, रानवाटा, रागावू नका, पण हेच ते. तुम्ही धीर दिलात, तो बारा मिनिटंसुद्धा टिकला नाही. माझ्या बायकोचं पंचवीस वेळा "बंद आहे रे" म्हणजे हेच. आपल्याकडे कोणी घाबरलं की पाठीवरून हात फिरवून "काही होत नाही" म्हणायची रीत आहे, आणि चांगली रीत आहे. या एका आजारात तीच रसद पुरवते.

शेवंती | बुधवार, सकाळी ९:००

काठावरचा, मी एकदा उत्तर दिलंय. दुसऱ्यांदा देणार नाही, आणि तुमची पर्वा आहे म्हणूनच देणार नाही. बाकीच्यांनाही विनंती. आज करता येण्यासारखी एकच गोष्ट: अपॉइंटमेंट.

निळी_छत्री | बुधवार, दुपारी ३:२५

हे वाचून पोटात खड्डा पडला, कारण आमचं अख्खं घर रसद पुरवतंय. मुलगा तेरा वर्षांचा. शाळेतून आला की दप्तर बाहेर, कपडे थेट मशीनमध्ये, आणि मीही त्याला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. नवरा ऑफिसमधून आला की त्यालाही आंघोळ. महिन्याला हँडवॉशचे पाच लिटरचे कॅन लागतात. कोरोनात सुरू झालं तेव्हा आम्हीच कौतुक केलं होतं, बघा किती शहाणा! सगळ्यांचं धुणं थांबलं, त्याचं नाही. नाही म्हटलं की दार आपटतो, एकदा बशी फेकली. म्हणून आम्ही 'शांतता राहू दे' म्हणत करत गेलो. आता एकदम बंद करायचं का सगळं?

शेवंती | बुधवार, सायंकाळी ५:४०

एकदम अजिबात नको. मुलाला न सांगता तर नकोच, नाहीतर त्याला तो दगा वाटेल. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी पालकांसाठी एक पद्धत बसवली आहे. गंमत म्हणजे त्यात सेशनला येतात ते आईवडील, मूल नाही. आधी घर काय काय करतं याची यादी. त्यातली एकच गोष्ट निवडायची. मुलाला शांतपणे सांगायचं (बरेच जण चिठ्ठीच देतात): "तुला हे किती अवघड जातं ते आम्हाला माहीत आहे. तू ते सोसू शकशील असा आमचा विश्वास आहे. सोमवारपासून बाबा घरी आल्यावर तुझ्या सांगण्यावरून आंघोळ करणार नाहीत." मग तो ओरडेल. ओरडू द्या. भाषण नको, शिक्षा नको, माघारही नको. पहिला आठवडा वाईट जातो. मामा, आजी, कोणीतरी मोठं माणूस त्या आठवड्यात घरी असेल तर चांगलं. आणि मुलाची स्वतःची ईआरपी समांतर सुरू करा, या वयात ती छान लागू पडते.

लेस्टरकर | बुधवार, रात्री ११:१५

इंग्लंडमधला अनुभव. इथे जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) न जाताही एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीजकडे स्वतः नाव नोंदवता येतं, फुकट. माझा नंबर लागायला पाच महिने गेले. आधी फोनवर थोडी सेशन, वर्कबुक. त्याने भागलं नाही तेव्हा वरच्या पायरीवर पाठवलं. थेरपिस्ट गोरी, तिला 'उष्टं' ही कल्पना समजावण्यात दीड सेशन गेलं. पण समजल्यावर तिने मला माझ्याच ताटातला घास काढून परत खायला लावला! मध्यंतरी इन्फरन्स-बेस्ड सीबीटी नावाच्या थेरपीबद्दलही वाचलं. ती भीतीला भिडण्यापेक्षा शंका मुळात कुठल्या तर्काने उभी राहिली ते उकलते.

शेवंती | गुरुवार, सकाळी ८:३०

हो, मॉन्ट्रियलच्या कायरन ओ'कॉनर यांची पद्धत. ज्यांना ईआरपी सोसवतच नाही त्यांच्यासाठी चांगला पर्याय. आपल्याकडे ती करणारे थेरपिस्ट मात्र अजून मोजकेच.

तापीकाठ | गुरुवार, दुपारी १२:१०

तुम्ही सगळे मुंबई-पुणे-इंग्लंडवाले. आम्ही खानदेशातले. जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, गोळ्या देतात, पाच मिनिटांत पुढचा पेशंट. ईआरपी करणारं कोणी नाही. आम्ही काय करायचं? आणि गोळ्या आयुष्यभर का?

शेवंती | गुरुवार, रात्री ९:५५

रास्त तक्रार. गोळ्यांना कमी लेखू नका, अनेकांना त्यांनीच एवढं बळ येतं की थेरपी झेपते. बरं वाटायला लागल्यावर साधारण एक ते दोन वर्षं चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. काहींना जास्त काळ लागतात. स्वतःहून एकदम सोडू नका, परत उसळतं.

थेरपी ऑनलाइन होते, आणि ओसीडीत मी तर म्हणेन कधीकधी जास्त चांगली होते. कारण गॅस, कडी, देवघर, मोरी सगळं तुमच्या घरात आहे, माझ्या क्लिनिकमध्ये नाही. मी व्हिडिओ कॉलवर लोकांच्या संडासच्या नळापर्यंत जाऊन आले आहे. ठरवण्याआधी दोन प्रश्न विचारा: रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का, आणि 'ओसीडीसाठी सेशनमध्ये नेमकं काय करता?' उत्तरात 'मन मोकळं करतो', 'संमोहन', 'ऊर्जा' असं आलं तर नमस्कार करून निघा.

सरकारी टेली-मानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, चोवीस तास, फुकट. तिथे पूर्ण थेरपी होत नाही, पण जवळ कुठे जायचं ते कळतं, आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर त्या रात्री तोच नंबर. आजार फारच चिवट असेल, दोन-तीन औषधं नीट डोसमध्ये पुरेसा काळ घेऊनही फरक नसेल, तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीचं वेगळं क्लिनिक आहे. तिथे दाखल करून रोजची ईआरपी करून घेतात.

बोरूबहाद्दर | गुरुवार, रात्री १०:२०

ते डोक्याला चुंबक लावतात म्हणे? शॉक देतात तेच का?

शेवंती | गुरुवार, रात्री १०:४८

शॉक नव्हे. टीएमएस म्हणतात, चुंबकीय लहरींनी मेंदूच्या ठरावीक भागाला चेतना देतात, शुद्धीत, खुर्चीत बसून. ओसीडीसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये एका प्रकाराला परवानगी मिळाली. औषध आणि ईआरपी दोन्ही प्रामाणिकपणे करून झाल्यावरची ही गोष्ट आहे. हल्ली जाहिराती बघून लोक आधी तिकडेच जातात, लाखभर घालवतात आणि मग ईआरपीचं नाव ऐकतात. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे, ती फारच मोजक्या, अगदी असाध्य रुग्णांसाठी.

याच्या उलट टोकाला नॉर्वेत बर्गनला चार दिवसांत ईआरपी करतात. सहा रुग्ण, सहा थेरपिस्ट, मधले दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं भिडणं. चांगले निकाल आहेत.

पाटपाणी | शुक्रवार, सकाळी ६:१५

चार दिवस! आमच्या काकूंची पन्नास वर्षं गेली.

निळी_छत्री | पुढचा बुधवार, रात्री १०:०५

सोमवारपासून बाबांची आंघोळ बंद. म्हणजे ते सकाळी करतात, गैरसमज नको. पहिल्या दिवशी मुलगा दोन तास गॅलरीत बसला. काल चाळीस मिनिटं. आज म्हणाला, "बाबा, तुम्ही घाण आहात," आणि जेवायला बसला. माझा भाऊ आलाय राहायला.

काठावरचा | पुढचा शुक्रवार, रात्री ११:३८

अपॉइंटमेंट झाली. गोळी सुरू झालीय, थेरपी पुढच्या महिन्यापासून. डॉक्टरांनी तोवर एकच सांगितलंय, अथर्वशीर्ष एकदाच. आज मध्येच शब्द आला. पुढे म्हणत गेलो. दिवसभर कसंतरी होतंय. आत्ता इथे एक प्रश्न विचारायला आलो होतो, टाइपही केला होता. पुसला.

शेवंती | पुढचा शनिवार, सकाळी ७:२०

वाचलं.

कुंभारमाशी | पुढचा शनिवार, सकाळी ११:००

मी यावर काहीही धीर देत नाहीये, नोंद घ्यावी. :) कडीकोयंडा, तुमच्या त्या चौदाशे फोटोंचं काय झालं?

कडीकोयंडा | पुढचा शनिवार, दुपारी १२:१२

परवाच म्हटलं ना, होते. डिलीट केले. एक ठेवलाय. २०१९ चा, त्यात घड्याळ आणि कॅलेंडर दोन्ही आलंय, फार छान फोटो आहे. बाईंना सांगितलेलं नाही.

शेवंती | पुढचा शनिवार, दुपारी १२:३०

तोही करा.

कडीकोयंडा | पुढचा शनिवार, दुपारी १२:५५

केला. ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतो म्हणे.

शेवंती | पुढचा शनिवार, दुपारी १२:५६

तिथूनही.